शॉकपमधले पाणी

खंडेनवमीला शस्त्रांची आणि दसऱ्याला वाहनांची पूजा करण्याची वहिवाट भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत अद्याप अबाधित आहे. त्या दिवशी वीस-वीस पावसाळे अंगावर काढलेली मोटारसायकलसुद्धा सकाळीच विहिरीवर किंवा ओढ्याकाठी नेऊन घासून धुतली जाते, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, हँडलला झेंडूची माळ चढते, आणि पुढच्या चाकाखाली ठेवलेले लिंबू चिरडल्यावाचून गाडी जागची हलत नाही. पूजेत ज्या चाकाला असा पहिला मान मिळतो, त्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे आणि वाटेतला प्रत्येक धक्का स्वतःच्या अंगावर घेणारे दोन पाय मात्र, ज्यांना गॅरेजात ‘शॉकप’ एवढेच म्हणतात, बाहेरून पुसले जातात आणि आतून वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहतात. इंजिनाचे तेल मुदतीत बदलणारा, साखळी सैल पडली की ती लगेच ओढून घेणारा, ब्रेकच्या वायरीला आठवणीने तेल सोडणारा दक्ष मनुष्यही, पुढच्या शॉकपमध्ये तेल असते आणि तेही ठराविक काळाने बदलावे लागते, हे ऐकून क्षणभर साशंक होतो.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिन बिघडले की गाडी थांबते, आणि थांबलेल्या गाडीकडे लक्ष द्यावेच लागते. शॉकपचे तसे नाही. तो इतक्या सावकाश निकामी होतो, की स्वाराचे मनगट आणि पाठ त्या बिघाडाला नकळत सरावत जातात, आणि जे वस्तुतः यंत्राचे वैगुण्य असते ते रस्त्याच्या नावावर खर्ची पडते. या भागात रस्त्याच्या नावावर काहीही खर्ची टाकता येते, हा त्यातला दुसरा गैरसोयीचा भाग.

पंतसचिवांच्या भोर संस्थानाचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. त्यांतले चार किल्ल्यांच्याच नावाने ओळखले जात, यावरून हा मुलूख कसा उभा-आडवा आहे याची कल्पना यावी. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि आता वेल्हे तालुक्याला राजगड असे नाव देऊन सरकारने संस्थानी दप्तरातलेच एक नाव पुन्हा प्रचारात आणले आहे. नावे बदलली तरी डोंगर बदलले नाहीत. पुणे-सातारा रस्ता सोडून कापूरहोळहून भोरकडे किंवा नसरापूरहून मार्गासनी, विंझरमार्गे वेल्ह्याकडे वळले, की सपाटी हळूहळू संपत जाते. पुढे हिरडस मावळातून वरंधा घाटाकडे, वेल्ह्यावरून केळदच्या मढे घाटाकडे किंवा पाबे घाटातून खानापूरच्या बाजूला जाणारा रस्ता म्हणजे चढ, उतार, वळण आणि मोरी यांची अखंड मालिका. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या गावांत ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पाऊस कोसळत असतो. डांबर उखडते, खड्ड्यांत मुरूम लोटला जातो, आणि पुढची सर आली की तो मुरूम चिखल होऊन रस्ताभर पसरतो. तालुक्याची कचेरी, दवाखाना, बँक, कॉलेज, दूध संकलन केंद्र, मुलीचे सासर, यांतले काहीही पायी गाठण्यासारखे नाही, आणि एसटीची एक फेरी चुकली तर दुसरीची शाश्वती नाही. म्हणून घरटी एक मोटारसायकल ही इथे चैन नव्हे, गरज आहे. आणि गरजेची वस्तू माणूस मोडकळीस येईपर्यंत वापरतो.

त्यामुळे शहरात जी वाहने केव्हाच भंगारात गेली ती इथे अजून नांदताना दिसतात. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडल्या. मद्रासची बुलेट त्याआधीची, १९५५ची. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२च्या सुमाराची. या गाड्या आता हौसेने जपलेल्या तेवढ्याच उरल्या आहेत. खेड्यापाड्यांतली खरी रोजची गाडी अवतरली ती १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा. पाठोपाठ आकुर्डीची कावासाकी बजाज, मग १९९४ साली स्प्लेंडर, नंतर बॉक्सर, कॅलिबर. कमी पेट्रोल पिणारी, कोणालाही दुरुस्त करता येणारी, मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवल्या तरी कुरकुर न करणारी ही जात. तिच्या पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत संपली की मालक पुण्याला परिवहन कार्यालयात खेपा घालून पाच वर्षांचे नूतनीकरण करून आणतो. पण नवी गाडी घेत नाही. आणि खरे सांगायचे तर, घेण्याचे कारणही पुष्कळदा नसते.

या सर्व गाड्यांच्या पुढच्या पायांची रचना मूलतः एकच आहे. मोटारसायकलच्या आरंभकाळात पुढचे चाक सायकलसारख्या चिमट्यात, नंतर स्प्रिंग लावलेल्या चौकटीत बसवीत, आणि स्प्रिंगच्या उड्या आवरण्यासाठी घर्षणाच्या चकत्या हाताने आवळीत. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आर १२ या गाडीला एकात एक सरकणाऱ्या आणि आत तेल कोंडलेल्या नळ्यांचा फोर्क दिला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीच पद्धत जगभर रूढ झाली. प्रत्येक पायात दोन नळ्या असतात. वरची पोलादाची, बाहेरून क्रोमचा कठीण मुलामा दिलेली, हँडलखालच्या ‘टी’मध्ये आवळलेली, खालची ॲल्युमिनियमची, चाकाच्या आसाला धरून असलेली, जिला मिस्त्री ‘बॉटम’ म्हणतात. आत लांब स्प्रिंग आणि तिच्याखाली भोके पाडलेली एक दांडी. चाक उंचवट्यावर चढले की बॉटम वर सरकते, स्प्रिंग दबते आणि तेल मोठ्या वाटांनी सहज पलीकडे जाते. परंतु दबलेली स्प्रिंग उसळून मोकळी होऊ लागताच त्याच तेलाला बारीक छिद्रांतून परतावे लागते, आणि या सक्तीच्या विलंबामुळे चाक रस्त्यावरून उडण्याऐवजी रस्त्याला धरून राहते. गाडीचा भार स्प्रिंग पेलते. तिचा आततायीपणा आवरण्याचे काम तेलाचे आहे. तेल नसलेला शॉकपसुद्धा गाडी उभी धरतो, आणि म्हणूनच तो ठीक आहे असा समज होतो.

हे तेल आत राहते ते बॉटमच्या तोंडाशी बसवलेल्या एका रबरी कड्यामुळे. या ऑइल सीलची आतली ओठासारखी धार, तिच्यामागे घातलेल्या बारीक गोल स्प्रिंगच्या दाबाने, क्रोमच्या नळीला सतत चिकटून असते. सारा व्यवहार या धारेवर अवलंबून आहे. भातलावणीच्या दिवसांत शेताच्या बांधापर्यंत नेलेल्या गाडीच्या नळीवर चिखलाचे शिंतोडे उडतात, दुपारच्या उघडीपीत वाळतात, आणि संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक खड्ड्यागणिक ती वाळलेली माती सीलच्या ओठाखाली ओढली जाते. चिखलणीचा नुसता चिखल एक वेळ परवडला. परंतु त्यात रस्त्याच्या खडीची, म्हणजे बसाल्टची, कच मिसळलेली असते, आणि तिच्यापुढे रबराचा काय पाड लागणार? शिवाय पावसाळाभर गाडी उभी राहते ती गोठ्यालगतच्या पडवीत. तिथल्या ओलीने क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून गंज वर येतो, त्याचे टाचणीच्या टोकाएवढे खळगे होतात, आणि त्या खळग्यांच्या धारदार कडा सीलला दररोज थोडे थोडे कापतात. ज्या वाटेने तेल बाहेर येते त्याच वाटेने पाणी आत जाते. तेल बाहेर आलेले दिसते. आत गेलेले पाणी दिसत नाही.

भोरमधल्या एका गॅरेजात अशाच एका जुन्या हिरो होंडाचा शॉकप उघडताना मी जवळ उभा होतो. मालक हिरडस मावळातले, वयस्कर, दुधाचा रतीब घालणारे. तक्रार एवढीच, की उतारावर ब्रेक दाबला की पुढून ‘ठाक’ असा आवाज येतो. मिस्त्री तिशीचा. त्याने डाव्या नळीवरून अंगठा फिरवला, तो तेलकट झालेला पाहिला आणि विचारले, “तात्या, तेल कवा बदललं हुतं?”

“गेल्या म्हैन्यात की.”

“इंजिनाचं न्हाय ओ. शॉकपचं.”

“त्यात बी असतंय व्हय?” तात्या म्हणाले, आणि मग सावरून, “बरं, मग ह्यो डावाच तेवढा खोल. उजवा गळत न्हाय.”

“एका बैलाला पेंड आन दुसऱ्याला नुसता कडबा घालून नांगर सरळ चालंल का, तात्या?” मिस्त्रीने विचारले, आणि तात्यांनी त्यावर काही न बोलता चंची काढली.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे, आणि घाई करणारे नेमके तिथेच अडकतात. चाक काढण्यापूर्वी, पाय अजून ‘टी’मध्ये पक्के असतानाच, मिस्त्रीने वरच्या आवळणीचा बोल्ट सैल करून टोपीचे आटे किंचित मोकळे केले, तसेच बॉटमच्या तळाशी आत दडलेला ॲलन बोल्टही थोडा ढिला केला. आत स्प्रिंगचा दाब असतो तोवर ती भोकाची दांडी जागच्या जागी दाबून धरलेली असते. एकदा स्प्रिंग काढली, की बोल्टबरोबर दांडीही गरगर फिरू लागते आणि बोल्ट सुटता सुटत नाही. तशी वेळ आलीच तर वरून नळीत निमुळता तासलेला लाकडी दांडा ठोकून तिला धरावे लागते. त्यानंतर इंजिनाखाली लाकडी ठोकळा गेला, चाक अधांतरी झाले, आस निघाला, चाक, ब्रेकची थाळी, मडगार्ड बाजूला झाले आणि दोन्ही पाय पिळत पिळत खाली ओढून घेतले गेले. टोपी पुरती काढताना त्याने चेहरा बाजूला घेतला आणि तळहाताने वरून दाब ठेवला. स्प्रिंगने टोपी उडवून तोंड फोडल्याच्या हकिकती या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक आहेत.

मग पाय उलटा केला. आधी काही आले नाही. नळी दोन-तीनदा वरखाली केल्यावर परातीत जे पडले त्याला तेल म्हणणे कठीण होते. करडा, फेसाळ, कुबट वासाचा तो द्रव परातीत स्थिर होताच त्याचे दोन थर दिसू लागले, आणि तळाशी ॲल्युमिनियमची चंदेरी पूड बसली. न गळणाऱ्या उजव्या पायातून निघालेला माल डाव्यापेक्षा काळा होता. डाव्यात गळून गेल्यावर काही वर्षांमागे कोणीतरी थोडे तेल ओतले असावे. उजव्याला कारखान्यातून निघाल्यापासून कोणी हात लावला नसावा, असा मिस्त्रीचा कयास. तात्या वाकून परातीकडे बराच वेळ पाहत राहिले.

सील काढणे हे धसमुसळे काम दिसते, पण त्यात जपावे लागते. आधी धुळीची टोपी, मग सीलवरची तारेची कडी. कडीवर गंज बसलेला असला तर तो मऊ पडेपर्यंत डिझेल सोडून थांबावे लागते. बॉटमच्या ॲल्युमिनियमच्या काठावर चिंधीची घडी ठेवून, तिच्यावर पट्टीचा टेकू घेऊन सील उचकटावे. टेकू थेट काठावर घेतला तर तिथे जो ओरखडा पडतो तो नव्या सीललाही बाहेरच्या बाजूने गळायला लावतो. सगळे भाग धुण्यासाठी पूर्वी रॉकेल असे; रेशनवरचे रॉकेल दुर्मिळ झाल्यापासून डिझेल वापरतात. धुतल्यावर पुसण्यासाठी मिस्त्रीने सुताचा गुंता न घेता जुन्या सुती धोतराचा तुकडा घेतला, कारण सुताचा एक धागा सीलखाली राहिला तरी सगळे श्रम वाया. यानंतर नळीची परीक्षा. ती काचेच्या सपाट तुकड्यावर लोळवून तिच्यात बाक आहे का ते पाहिले, आणि मग बोटाच्या नखाने, डोळे जवळपास मिटून, तिची सर्व लांबी चाचपली. ‘टी’च्या आत जो भाग राहतो तिथे कितीही गंज असला तरी चालतो, सील ज्या वीतभर पट्ट्यावरून सरकते तो पट्टा निर्दोष हवा. तात्यांच्या डाव्या नळीवर या पट्ट्यात नख अडकेल असे तीन खळगे होते.

अशा खळग्यांवर काय करावे, याबाबत मिस्त्री लोकांत दोन तट आहेत. एक पक्ष पॉलिश पेपरने सगळी नळीच घासून काढतो. नळी चकाकते, गिऱ्हाईक खूष होते, आणि क्रोम पातळ झाल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात दुप्पट खळगे येतात. हा उपाय मला सर्वथैव त्याज्य वाटतो. दुसरा पक्ष तेलाच्या बारीक दगडाने फक्त खळग्याची वर आलेली धार मोडतो, खळगा स्वच्छ करून त्यात दोन भागांचा इपॉक्सी भरतो आणि वाळल्यावर तेवढाच भाग सपाट करतो. तात्यांच्या गाडीला हाच उपचार झाला. खळगे फार असतील तर प्रचलित गाडीला नवी नळी घेणेच स्वस्त पडते. जावा-येझदीसारख्या, सुटे भाग सहज न मिळणाऱ्या गाडीची नळी मात्र औद्योगिक वसाहतीत हार्ड क्रोम करून आणणे श्रेयस्कर. अपघातात वाकलेली नळी दाबयंत्रावर सरळ करतात, तेही थोडासा बाक असेल तरच. जिथे पोलादाला चुणी पडली आहे ती नळी सरळ दिसली तरी पुन्हा वापरणे म्हणजे घाटाच्या उतारावर स्वतःचा जीव गहाण ठेवणे होय.

नवे सील बसवताना त्याच्या ओठाला ग्रीस लावतात, स्प्रिंगची बाजू खाली तेलाकडे करतात, आणि वरून जुने सील ठेवून नळीच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखे ठोकत नेतात. पायाची नळी वरून घालायची असेल तर तिच्या कडेवर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला म्हणजे सीलची धार सोलली जात नाही. तळाच्या बोल्टाखालचा तांब्याचा वायसर नवा घालावा. पुष्कळदा सील नवे असूनही खालून थेंब पडतात ते या दमडीच्या वायसरपायी.

आता तेल. किती आणि कोणते, यावर या भागात जेवढे गैरसमज आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर असतील. इंजिनातून काढलेले वापरलेले तेल शॉकपला चालते, असे सांगणारे महाभाग मला भेटले आहेत. त्यांनी निदान स्वतःच्या गाडीवर हा प्रयोग करू नये. जाड तेल घातले की गाडी दणकट होते, हा दुसरा समज. जाड तेलाने झोल कमी वाटतो हे खरे. परंतु एकापाठोपाठ एक खड्डे आले, की स्प्रिंगला मोकळे होण्यास सवड मिळत नाही, पाय उत्तरोत्तर दबतच जातात आणि शेवटच्या खड्ड्याला धक्का सोसायला जागाच उरत नाही. भोर-महाड रस्त्यावर खड्डे एकटेदुकटे येत नाहीत. तिसरा समज, जास्त तेल घातले तर जास्त टिकेल. तेलावर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. तेल वाढवले की हवेला जागा कमी पडते, तिचा दाब चढतो आणि नवे सील बाहेर फेकले जाते. लहान गाड्यांना दर पायात सामान्यतः दीडशे-दोनशे मिलिलीटरच्या आसपास तेल लागते, पण नेमका आकडा गाडीगणिक भिन्न असल्याने तो कंपनीच्या पुस्तिकेत पाहूनच घ्यावा, आणि मापाच्या भांड्याने मोजावा. ‘अंदाजे’ हा शब्द इथे बाद. मिस्त्रीने तेल ओतून नळी हळूहळू वरखाली करीत आतले बुडबुडे काढले, मग पाय पूर्ण दाबून, स्प्रिंग न घालता, पट्टी आत सोडून दोन्ही पायांतली तेलाची पातळी एकसारखी आहे याची रुजवात घेतली. जोडणी करताना आसाचा नट शेवटपर्यंत आवळण्याआधी त्याने गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा भाग अनेकदा दाबला, जेणेकरून दोन्ही पाय आपापल्या ठिकाणी समांतर बसावेत. पायांत पीळ राहिला तर नवी सीलेही लवकर जातात.

त्याच बैठकीत हँडलचा बॉलरेसही पाहून घ्यावा. चाक अधांतरी असताना हँडल डावीकडून उजवीकडे हलक्या हाताने फिरवले आणि ते मध्यावर अडकल्यासारखे वाटले, तर छऱ्यांनी वाटीत खाचा पाडल्या आहेत असे समजावे; सैल शॉकपचे धक्के वर्षानुवर्षे त्या वाटीवरच आदळलेले असतात. तसेच ड्रम ब्रेकच्या गाडीत गळके तेल पायावरून ओघळत थाळीपर्यंत गेले असेल तर लायनरही तपासावे लागते. रिकामा शॉकप, तेलकट लायनर आणि मागे भरलेल्या किटल्या ही तीन मंडळी पाबे घाटाच्या उतारावर एकत्र आली म्हणजे काय होते, हे सविस्तर सांगण्याची आवश्यकता नाही.

याच पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला चाकणमध्ये, १९६१ साली मुंबईत सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाच्या कारखान्यात, नवे शॉक ॲब्सॉर्बर तयार होतात, आणि दुचाकींचे फोर्क वाळूजच्या एन्ड्युरन्ससारखे कारखाने मोठ्या प्रमाणावर पुरवतात. तेव्हा सीले आणि सुटे भाग मिळण्यात फारशी अडचण नाही. अडचण आहे ती काळ निवडण्यात. ज्यांना हे काम ठाऊक आहे तेही ते वैशाखात, पावसाच्या तोंडावर करून घेतात. सील फाटके असेल तर ते तेव्हाच बदलले पाहिजे, यात वाद नाही. पण तेल वर्षातून एकदाच बदलायचे असेल, तर ते पाऊस संपल्यावर बदलावे. कारण चार महिन्यांत आत शिरलेले पाणी पुढचे आठ महिने स्प्रिंगला, दांडीला आणि नळीच्या आतल्या पोलादाला गंज चढवीत तसेच बसून राहते. ते आश्विन-कार्तिकातच बाहेर काढले तर तोच शॉकप आणखी दहा वर्षे काम देतो. दाबाच्या पाण्याने गाडी धुणाऱ्या केंद्रांत फवारा थेट सीलच्या टोपीवर धरू देऊ नये, आणि रबरी बूट असलेल्या जुन्या गाड्यांचे बूट फाटले असतील तर काढून टाकण्याऐवजी नवे घालावेत. फाटका बूट चिखल अडवत नाही, साठवतो.

राहिला परातीतल्या त्या करड्या द्रवाचा प्रश्न. तो सर्रास गॅरेजमागच्या नाल्यात जातो, आणि वेळवंडी काय किंवा गुंजवणी काय, अखेर नीरेलाच मिळते, जिच्या कालव्यांवर बारामती, इंदापूर आणि फलटणची शेते भिजतात. वापरलेले तेल विकत घेणारे लोक आहेत. गॅरेजवाल्याने इंजिनाच्या तेलाच्या पिंपातच ते जमा केले तर त्याला वेगळा खर्च येत नाही. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे त्यांना विनंती एवढीच, की ती घाटात घालण्याआधी पुढच्या दोन्ही नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पुढचा ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा जोराने दाबावे आणि नळीवर तेलाचे कडे उमटते का ते पाहावे. उमटले, तर दोन्ही सीले आणि दोन्ही बाजूंचे तेल बदलून घ्यावे, आणि निघालेले जुने तेल कुठे जाते ते तिथे उभे राहून पाहावे.